नथनेलचा डावा पाय

दुखतं का, त्यांनी माइकवरून विचारलं
आणि हा म्हणाला, नाही.
खरं तेच बोलला.
अठ्ठ्याऐंशी सालापासून घोट्याखाली
त्याला काहीच दुखलेलं नाही.

चारशे माणसं हालेलुया म्हणाली.
पऱ्हाटी उपटलेल्या रानात मंडप,
जनरेटर थ्रेशरवाल्या गावंडेंचा,
चंगाई महोत्सवाच्या फ्लेक्सवर
अमरावतीचे ब्रदर अनुग्रह, हात उंच,
आणि खाली बारीक अक्षरांत: चहापाण्याची सोय आहे.

चपला सोड, म्हणाले, आता तुला त्या नकोत.
दवाखान्याच्या चपला त्या, काळ्या मऊ रबराच्या,
पोळ्याच्या आधी माप घेऊन शिवलेल्या.
त्यानं स्टेजच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या
आणि नाचला.
मग पांदणीनं दीड कोस
अनवाणी घरी.

शुक्रवारी सकाळी माझ्या बाकड्यावर होता.
मी ड्रेसर. सिस्टर नाही, पण तो सिस्टरबाई म्हणतो.
जन्माचा नथ्थू मोहोड,
पाण्यातून वर आला तो नथनेल.
चवड्यात बाभळीचा काटा, आत मोडलेला.
"कवा घुसला मालूम नाही, बाई.
कुत्रं मांगं मांगं जमीन चाटत येत होतं,
तवा पाह्यलं."

मला राग आला की मी चिमटा
उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवते.
दोन वर्षं गोळ्या गिळल्यास, पाकिटामागं पाकीट,
जंतू मेले, कागदावर शिक्का बसला.
ते कुणी केलं मग?
बोटं गेली ती गेली.
गोष्टीतले ते दहा जण आठवतात मला.
परत आलेल्या एकाचं सगळ्यांना कौतुक,
मी नवांचा विचार करते.
त्यांची झडलेली बोटं पुन्हा उगवली होती?
रात्री त्यांचे पाय कोण बघायचं?

मी काही बाहेरची नाही.
प्रेमानंदच्या किडन्या गेल्या तेव्हा
मीही वाटी घेऊन पाळकांकडे गेले होते.
घरात जवसाचंच तेल होतं, तेच लावलं कपाळाला.
तो चौथ्या दिवशी गेला.
पण त्या चार दिवसांत कुणावर ओरडला नाही,
गाढ झोपला,
आणि भावाला बोलावून धुऱ्याचं भांडण मिटवलं,
सतरा वर्षांचं.
याला बरं होणं म्हणायचं का,
माझं अजून ठरलेलं नाही.

दहाच्या सुमारास मोटरसायकल थांबली.
माइकशिवाय ब्रदर लहान दिसतात,
तिशीचेही नसतील.
हातात कॅरीबॅग, तिच्यात चपला.
राहिल्या होत्या, म्हणाले.
पाय पाहिला आणि डोळे मिटून
हात वर करायला लागले.

आधी बॅटरी धरा, मी म्हटलं.

धरली. उजेड हलत होता.
काटा निघाला तेव्हा
आई गं म्हणाले ते ब्रदर.
नथनेल खिडकीबाहेर बघत होता.

पट्टी गुंडाळताना तो बोलला,
माझ्याकडं न पाहता:
"पण काल रातीले बरं वाटलं, सिस्टरबाई.
यायनं डोक्यावर हात ठेवला ना,
उघडा हात.
पस्तीस वर्सं झाले,
असा कोणी ठेवला नोता."

माझे हातमोजे पिवळट, दर पायाला नवे.
ते घालायलाच हवेत.
तरी गाठ मारायला मला वेळ लागला.

रोज झोपताना आरसा धरून तळवे बघायचे,
मी पुन्हा सांगितलं,
ते आपणहून काही सांगणार नाहीत तुला.
"प्रार्थनेच्या आंधी का मंग?"

मी ब्रदरकडं पाहिलं.
ते बॅटरी बंद करायची विसरले होते,
उजेड ट्रेमधल्या काट्यावर होता.
बघतानाच कर, मी म्हटलं,
आणि पुढच्या पायाला हाक मारली.