रोगाचं नाव

कॅम्पात, हाय स्ट्रीटच्या कोपऱ्याला
कार्व्हालो डॉक्टरांचा दवाखाना.
मी तिथला कंपौंडर. एकवीस वर्षं.
बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची,
कात्रीनं खाचा पाडायच्या, एक खाच एक डोस,
आणि रजिस्टरात रोगाचं नाव उतरवायचं.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर आतून ओरडले,
"भरमा, लिही, कॉलीवॉबल्स."
मला ऐकू आलं कालवाकालव.
मी तेच लिहिलं, ठळक अक्षरात.
त्यांनी चष्मा वर सारून वाचलं,
खुर्ची कुरकुरेपर्यंत हसले,
म्हणाले, "राहू दे. तुझं स्पेलिंग जास्त बरं आहे."

तेव्हापासून आमच्याकडं तो आजार चालू झाला.

भरतीच्या आदल्या दिवशी येळ्ळूरचा पोरगा यायचा,
छाती फुगवून फुगवून ब्याऐंशी केलेली
आणि खाली पोटात नुसतं डबडब.
सांबऱ्याची मल्लव्वा, कोर्टाची तारीख आली की
"होट्टी तोळसाकत्तैती री" म्हणत बाकड्यावर आडवी.
बेळगुंदीची एक मुलगी, दुपारी पाहुणे बघायला येणार,
सकाळपासून चारदा परसाकडं जाऊन आलेली.
आई म्हणाली, काल पावटा खाल्ला तिनं.
पावटा कुठला!
डॉक्टरांना न विचारताच मी लिहून टाकलं.

सगळ्यांना तेच गुलाबी औषध,
सोडा, बडीशेपेचा अर्क, वर जरासं आलं.
तक्रार कुठल्या का भाषेत असेना.

एकदा तपासणीला साहेब आला.
रकान्यावर बोट ठेवून म्हणाला,
"इदु याव रोगा री?"
त्याच्या छापील यादीत हे नाव नव्हतं.
मी म्हटलं, परीक्षेच्या आधी होतो बघा, तो.
साहेब गप्प.
रजिस्टर मिटलं, दार जरा लोटलं,
खात्याची परीक्षा सोमवारी होती त्याची.
दोन बाटल्या नेल्या. पावती नको म्हणाला.

मग दसरा झाल्यावरचा एक मंगळवार.
हुबळीहून लिफाफा आला,
डॉक्टरांच्या स्वतःच्या नावाचा.
पेशंट सगळे गेलेले.
त्यांनी तो फोडला नाही.
टेबलाच्या कडेशी कड जुळवून नीट ठेवला,
परत थोडा तिरका केला,
परत नीट.
मग पोटावर हात धरून म्हणाले,
"भरमा, कालवाकालव."
अगदी माझ्या उच्चारात.

मी आत गेलो. बाटली विसळली, औषध ओतलं.
खाचा पाडताना हात हलला,
सहाच्या जागी सात झाल्या.
तारीख घातली.
नावाच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
एकवीस वर्षांत त्यांचं पहिलं नाव
मी कधी विचारलंच नव्हतं.

रोगाचं तेवढं लिहून ठेवलं.
बाहेर कागद फाटला.