तिसरी कॉपी

ओल्डममध्ये नेव्हिलच्या माळ्यावर
बुटांच्या खोक्यात एक कॅसेट.
बँडचं नाव पेनानं, काटेरी, वाचता न येणारं;
खाली नॉर्वेतलं कुठलंसं गाव.

तिकिटांवर साबण चोळून पाठवायची ही पोरं,
म्हणजे शिक्का धुऊन निघतो, तिकीट पुन्हा चालतं.
सैतानाचा कारभारसुद्धा काटकसरीचा.

कॉपीच्या कॉपीची कॉपी. गिटार म्हणजे
पत्र्यावर ओतलेली खडी.
ड्रम भिंतीपलीकडे कुठंतरी.
कोण किंचाळतंय, कशापायी, पत्ता नाही.

दुसऱ्या बाजूला मात्र, गाणं सुरू व्हायच्या आधी
दार करकरतं. एक बाई काहीतरी विचारते.
किंचाळणारा हळू आवाजात, शहाण्यासारखं उत्तर देतो.

नेव्हिल म्हणतो, तीस वर्षं
तेवढंच रिवाइंड करतोय.
‘जेवतोस ना’ असेल,
नाहीतर ‘दार लाव, थंडी येतेय.’
भाषा मुद्दामच शिकलो नाही.