वह्यांचा खर्च

घाटोळे साहेब, तुम्ही आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केलाय :
वह्या, एकसष्ट हजार चारशे.
समासात बारीक अक्षरात, इतक्या वह्या? कोणाला?

बसा. कूलरसमोर बसा.
(तोही त्याच आकड्यात आहे.)

आमचा न्यास लहान,
सदरच्या सायकल दुकानातून उरलेल्या पैशांचा.
नारायणराव बोंद्र्यांनी जाताना एवढंच लिहून ठेवलं :
गरजूंना वह्या द्याव्या.
चाळीस वर्षं आम्ही दर जूनमध्ये वह्या वाटल्या,
फोटो काढले, पेढे खाल्ले,
टाळ्यांनाही तेव्हा खर्च येत नव्हता.

मग एका मे महिन्यात भागवंती आली,
जरीपटक्याच्या आतल्या गल्लीतून, भर दुपारी.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला हिरवा पासपोर्ट,
गाव घोटकी, जिल्हा तोच, देश पलीकडचा.
म्हणाली, वही पाहिजे.
मी विचारलं, मुलगा कितवीत?
म्हणाली, मला पाहिजे.

बैठकीत बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
एक विश्वस्त म्हणाले, घटनेत असे लोक बसत नाहीत.
दुसरे म्हणाले, आज एक, उद्या अख्खी गल्ली.
मी घटना उघडून दाखवली : गरजू आहे, वही आहे,
गावाचं नाव कुठंच नाही.
तेव्हा बोंद्रेकाकू, ज्या बैठकीत फक्त सही करतात,
चष्मा पुसत म्हणाल्या,
हे तरी कुठले होते? बालाघाटहून आले,
हातात एक पंप अन् दुसऱ्याची चप्पल.

तिनं वही मागून उघडली.
उजवीकडून लिहीत आली, तिच्या शाळेत शिकवलं तसं,
अन् रंजना मेश्रामांनी पुढून अ काढून दिला.
दिवाळीपर्यंत दोन्ही लिप्या
मधल्या पानापाशी पोचल्या, जिथं पिना असतात.

ळ मात्र अडला.
खरं सांगू, माझ्या मायलाही तो कधी आला नाही,
आमच्या भंडाऱ्याकडं डोळ्याला डोरा म्हणतात.
उलट भागवंतीकडं एक ब होता,
श्वास बाहेर न सोडता आत गिळून म्हणायचा.
मेश्रामबाईंनी तीन संध्याकाळ प्रयत्न केला,
ठसका लागला, अख्खा वर्ग हसला.
त्या दिवसापासून वर्ग वर्ग झाला, साहेब.
त्याआधी ते वाटप होतं.

मग वहीत बाकीचं शिरत गेलं :
पोलीस ठाण्यात हजेरीला जायचं रिक्षाभाडं,
कारण शब्द कळले तरी खिडकीपुढं पाय कापतात.
भाषांतर, शपथपत्र, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स.
खियलदासच्या पापडांना वजनकाटा,
घरमालकाकडं जाऊन दिलेली हमी,
आणि ज्या शाळेनं पोरीला दाखल्यावाचून घेतलं नव्हतं,
तिथल्या बाकावर मी बसून काढलेले पाच दिवस.
ते मी लावले नाहीत.

कुठं लावू सांगा, तुमच्या कोष्टकात कोणता रकाना?
लाभार्थी लिहा म्हणता, तर मग मेश्रामबाईंनाही लिहा,
त्यांच्या तोंडात एक नवीन ब आहे.

हो, एवढं नोंदवा :
तिचा अर्ज सात वर्षांपासून कलेक्टर कचेरीत आहे.
नागरिकत्व आम्हाला देता येत नाही.
आमची वही त्या टेबलापर्यंत पोचते,
टेबलावर चढत नाही.

आवाज येतोय ना पलीकडच्या खोलीतून?
नवी तुकडी, गेल्या आठवड्यात आलेली, अकरा जण.
शिकवतेय भागवंती.
ऐका : ल नाही, ळ. काहून घाई करता जी?
जीभ मागं वळवा.

तुमचीही वळली, साहेब, मी पाहिलं.

पेन्सिलीचं आहे ना? मग सोपं आहे.
खोडरबर त्या डब्यात आहे.
तोही त्याच खात्यातला.