पाऊणपट

बाबा म्हणायचे, तिथीची पाऊणपट कर,
तेवढ्या वाजता पाणी भरतं.
अष्टमीला सहा, दशमीला साडेसात,
एकादशीला सव्वाआठ.
घड्याळ नसलेल्या माणसाचं घड्याळ ते,
दाभोळच्या खाडीत कधी चुकलं नाही.

उम्म अल कुवैनला, पहिल्याच शुक्रवारी,
दशमी मोजून साडेसातला गेलो.
खोर म्हणजे खाडीच, पण खोरात गुडघाभर चिखल,
तिवरांची मुळं बोटं वर काढून बसलेली,
आणि लांब वाळूच्या दांड्यावर रोहित पक्षी
एका पायावर, माझ्याइतकेच रिकामे.
पाग खांद्यावर कोरडाच.

पिकअपच्या काचेतून एक म्हातारा हसला.
उबैद. सगळे त्याला नोखदा म्हणतात.
आमचा नाखवा तो हाच शब्द,
कुठल्या गलबतातून कोण कोणाकडे उतरला देव जाणे.
डोळ्यांत मोतीबिंदू, होडी मुलांनी विकलेली,
तो आता पाण्यात उतरत नाही.
काच खाली करतो, वारा हुंगतो
आणि मोडक्या हिंदीत सांगतो,
खोर का गला छोटा. पानी धीरे पीता.

खरंच. बाहेर समुद्र भरून मोकळा होतो
तेव्हा आत नुकता पहिला घोट.
दीड तास. उधाणाला थोडं कमी.
भांगाला तर भरवसाच नाही,
कधी दिवसातून एकदाच येतं पाणी,
अर्ध्या मनाने, उंबऱ्यावरून परत जातं.
पेट्रोलच्या पावतीमागे लिहून ठेवलं:
पाऊणपट, अधिक दीड.

सुकती लागली की बोय निघते तिवरांतून,
वळणावरच्या घळीतून, थव्याने.
तिथे उभं राहायचं, कमरेइतक्या पाण्यात.
सूर्य पाठीशी नको, सावली आधी पोचते.
पागाचं शिसं दातांत धरायचं, अंग वळवायचं,
आणि सोडायचं.
शनिवारी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या मुखवट्याआड
दात अजून खारट.

फेब्रुवारीत एकदा कौस सुटला,
आग्नेयेचा, ओल्या फडक्यासारखा ऊबदार.
पाणी चहासारखं गढूळ,
मासे खुळ्यासारखे जाळ्यात.
पाचवा पाग टाकला, सहावा टाकला.
उबैदने हॉर्न दिला.
मी बोट वर केलं, एक अजून.
त्याने हॉर्नवरचा हात उचललाच नाही.
चिडून बाहेर आलो, टोपली अर्धी.

वारा पडला.
इतका पडला की घड्याळाची टिकटिक ऐकू आली.
मग वायव्येकडून शमाल, वाळूसकट.
मी उभा होतो ती घळ
बघता बघता पांढरी झाली आणि दिसेनाशी.

काचा वर करून बसलो दोघं.
तो खजूर खात होता. काही बोलला नाही.
मागे टोपलीत बोय तडफडत होती.
बऱ्याच वेळाने विचारलं, तुझी आज कितवी?
तेरस, मी म्हटलं.
माझी बारा, तो म्हणाला.
चंद्र एकच, तर एक दिवस कुठे सांडला
यावर आम्ही वाद घातला
वाळू जरा बसेपर्यंत. कोणी जिंकलं नाही.
बिया त्याने माझ्या हातावर ठेवल्या,
फेकायला काच उघडायची सोय नव्हती.

मे महिन्यात रजेवर घरी आलो.
पंचमी होती. पाग घेतला, बोटांवर मोजलं,
सव्वापाचला धक्क्यावर हजर.

खाडी अर्धी उतरलेली.
होड्या चिखलात कलंडायला लागलेल्या,
आणि पायरीवर जाळं धुणारा अनंता
वर न बघताच म्हणाला,
कुठल्या पाण्याच्या वेळेवर आलास रे?