दोन प्रतींत

मकरपुरा रोडवर, टायरच्या दुकानाला लागून,
हरेनभाईंच्या आवारात एकोणीस गाड्या
एकाच दिशेला तोंड करून उभ्या,
काचांवर खडूने किमती.
केतकीला राखाडी आवडली.
तिला रात्रपाळी असते, हॉस्पिटल छाणीच्या पलीकडे,
आणि मी तिची मावशी, म्हणजे फुकटची वकील.

"एका हाताची गाडी, मोहितेबेन.
घरातल्या बाईने चालवलेली. देरासर आणि घर, बस."
आरसीवर मालक क्रमांक दोन.
"ते मशीनचं असतं," म्हणाले, "छापून जातं कधी कधी."

बॉनेट उघडायला लावलं.
चासी नंबरवर कागद धरला, वर पेन्सिल आडवी घासली,
लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.
काळ्यातून पांढरे आकडे वर येत गेले.
सतरा होते, सतराही जुळले.
लोखंडाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मग फोल्डर.
विमा आहे. पीयूसी आहे. कर्जाचा बोजा नाही.
एकोणतीस नंबरचा फॉर्म, दोन प्रती,
विकणाऱ्याची सही तयार,
तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं.
"सगळं रेडी. फक्त तुमचं नाव टाकायचं."

बत्तीस वर्षं मी रावपुऱ्यातल्या ब्रँचमध्ये
चार नंबरच्या खिडकीत सह्या जुळवल्या.
माणूस दोनदा तीच सही करत नाही.
घाई असते, पेन अडतं,
सकाळी सुनेशी झालेलं असतं काहीतरी,
ते सगळं शेवटच्या वेलांटीत उतरतं.
मी दोन्ही प्रती एकीवर एक ठेवल्या
आणि ट्यूबलाइटकडे धरल्या.
पुष्पा रतिलाल पंचोली.
दोन कागदांत मिळून एकच सही दिसली.

हरेनभाईंनी चहा मागवला.
"दुसरी किल्ली?"
"हरवली, बेन."
केतकी माझ्याकडे बघत होती,
मी पत्ता उतरवून घेत होते.

कारेलीबाग, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.
दार मुलाने उघडलं. भार्गव. चाळिशीचा, चष्मा कपाळावर.
"बा जाऊन दोन वर्षं होतील.
गाडी मेकॅनिकला दिली होती, विकून टाक म्हटलं.
त्याने पैसे दिले. मला वाटलं, संपलं."
मग फोन पुढे केला:
काळा घोडा चौक, लाल दिवा, रात्री सव्वाअकरा.
अकोटा पूल, वेग त्र्याऐंशी.
दंड पुष्पा रतिलाल पंचोली यांच्या नावे.
"चाळीसच्या वर कधी गेली नाही ती," म्हणाला,
"आता बघा."
हसला. मग म्हणाला, भरतो मी.
कुणाकडे तक्रार करायची, कळत नाही,
आणि बंद करायची घाईपण नाही.

कॅलेंडरच्या खिळ्याला किल्ली लटकत होती,
रबरी बदकासकट.

पुढे दीड महिना गेला.
मृत्यूचा दाखला, एकतीस नंबरचा फॉर्म,
बहिणीची हरकत नाही म्हणून आणंदहून आलेला कागद,
दर्जीपुऱ्याच्या तीन फेऱ्या, त्यातली एक झेरॉक्ससाठी.
हरेनभाईंनी बारा हजार कमी केले
आणि मला बेन म्हणायचं सोडलं.
अकरा दिवस गाडी भार्गवच्या नावावर राहिली.
केतकी म्हणाली, मावशी, दुसरी घेतली असती तर?
मी म्हटलं, दुसरीलाही कागद असतेच.

मग पुन्हा एकोणतीस.
आरटीओच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवून त्याने सही केली.
पहिल्या प्रतीत भ ऐसपैस, पोट सुटलेला.
दुसरीच्या वेळी मागून कुणीतरी ढकललं,
पंचोलीतला ली रेषेखाली गेला.

सवयीने मी दोन्ही प्रती एकीवर एक ठेवल्या,
उजेडाकडे धरल्या.
कुठेच कशाला काही लागत नव्हतं.

"काही चुकलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "किल्ली द्या.
बदक काढून घ्या हवं तर."