बार

चैतात बोडीचं पाणी मागं सरलं
की सुकल्या गाळात आमची चांदमारी.
समोर वारूळ, त्यावर चुन्याचा टिळा,
आणि ही एकनळी, एका वेळी एकच
अंगठ्याएवढं काडतूस गिळणारी.
परवाना डोमाकाकाच्या नावचा,
नजर आता माझी.

काकानं दस्त्यात शिसं ओतलेलं,
टोकाला जुन्या चपलेचा तळ ठोकलेला.
"वजन असलं का कमी उसळते."
तरी पहिल्या बाराला
मी मोहाच्या बुंध्याशी जाऊन बसले,
न ठरवता.

रात्री आईनं हळद लावली, बोलली काही नाही.
खांदा वांग्याच्या रंगाचा.

सकाळी काका म्हणे, दात नोको आवळू.
गाल दस्त्याले चिकटव.
हाडावर नाई, आतल्या खोलगटात घे.
धानाचं पोतं पाठीवर घेतं ना,
तशी आधी जराशी वाक,
मंग येऊ दे.

त्यानंच भरली.
मी अर्धा श्वास सोडला, टिळा पाहिला,
चाप ओढला.

टक्.

धूर नाही, आवाज नाही,
पण नळीनं गाळ हुंगला
आणि खांदा आपसूक मागं उडाला,
डोळे मिटलेले.

काकानं खिशातून काडतूस काढलं.
हसला नाही.
"हे तं इथं हाय.
मंग तुले कोनं मारलं?"

अजूनही भरताना तो पाठ वळवतो.
आत आहे की खिशात, कळत नाही.
मी वाकून उभी राहते.
पोतं येईल,
न येईल.