चेन

पहाटे चारला थर्मासची काच आतल्या आत फुटली.
बाहेरून काही कळत नाही;
हलवला की पैंजण घालून कुणी
दबक्या पावलांनी चालल्यासारखं वाजतं.

मग बंब धुमसला. पऱ्हाट्या दवानं ओल्या.
मग कळण्याच्या भाकरी बांधून झाल्या
तर भरिताच्या डब्याचं झाकण सापडेना.
सापडलं. ह्यांनी त्यात दाढीचं पाणी घेतलं होतं.

सुपडूचा फोन : वहिनी, गाडी चालूच व्हत नही,
धक्का माराले दोन जन धाडा.
शेजारच्या सिंधूताई शाल गुंडाळून ओट्यावर आल्या,
थर्मास कानाशी धरून हलवला, वैद्यासारखा,
आणि म्हणाल्या,
काच फुटली ना, आज तोरणमाळ नकोच.

शेवटी बॅगेची चेन. अर्ध्यावर अडली,
ओढली तर हातात आली.
तीन स्वेटर आणि एक कानटोपी
आतून माझ्याकडे बघत राहिली.

मी तिथंच फरशीवर बसले. फरशी बर्फ.
डोळ्यांत आलंच होतं जवळजवळ,

आणि आठवलं, गेल्या मार्गशीर्षात
हीच बॅग, हीच चेन
एका हिसक्यात बंद झाली होती.
आत दोन टॉवेल, ताट-वाटी, एक्स-रेचं पाकीट,
सुरतेची दोन तिकिटं.
परतीची काढली नव्हती.
किती काढायची ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं.
दूध उतू गेलं नाही, चपला जागेवर,
रिक्षा बोलावण्याआधी दारात,
आणि गाडी, ह्या मार्गावरची गाडी,
वेळेवर.

आता हे अर्धी दाढी तशीच ठेवून
सुतळी-दाभण घेऊन बसलेत,
मिरचीचं पोतं शिवावं तशी बॅग शिवतायत.
नंदुरबारात तेवढं सगळ्यांना येतं.
डाव्या गालावर साबण वाळून पांढरा झालाय.
"तिथं उघडायची कशी मग?"
"कापू."
आणि टाका दातानं तोडला.

कोपऱ्यावर सुपडूची जीप एकदा खोकली,
गप्प झाली,
पुन्हा खोकली. पोरं ओरडली.

सिंधूताई, घराकडे लक्ष असू द्या.
थर्मास मी सोबत घेतेय, रिकामाच.
सातपायरीच्या घाटात
वळणावळणाला वाजत येईल.